परिशिष्टासह गुप्तता

माझ्या धाकट्या भावाने एका वर्षात रसायनशास्त्र सोडलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांना झाला असणार. त्याच्या हातून बीकर फुटायचे, पिपेट फुटायच्या, एकदा तर न फुटणारं म्हणून मुद्दाम मागवलेलं भांडंही फुटलं. भांडी आणि तो दोघंही थकल्यावर त्याने वाट बदलली आणि इनोव्हेशन मॅनेजमेंट आणि टेक्नॉलॉजी ट्रान्सफर या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

"म्हणजे नेमकं काय शिकणार?" आईने विचारलं.

"प्रयोगशाळेत लागलेला शोध कारखान्यापर्यंत पोचवायचा."

"म्हणजे हमाली."

"हमाली नाही गं आई. मॅनेजमेंट."

"बरं, मुकादमी."

मी त्याच विद्यापीठात, दोन इमारती सोडून, कंत्राटी संशोधक होते. माझ्या टेबलावर एक लेप तयार झाला होता. धातूच्या पत्र्यावर तो दिला की त्यावर बर्फ चिकटत नाही. बर्फ धरतो, कारण हवेतली वाफ जाणार कुठे, पण पत्रा जरा तिरका केला की अख्खा थर घसरून खाली येतो. डीप फ्रीजरच्या आत हा लेप असेल तर कुणाला उलथनं घेऊन बर्फ खरवडत बसायला नको, आणि विजेचं बिलही उतरेल. फ्रीजर बनवणाऱ्या एका कंपनीने पत्र्याचे नमुने पाहिले होते आणि तिला लेप हवा होता.

कंपनीशी विद्यापीठाचा करार झाला तर त्या जोरावर माझं पद पुढे चालू राहणार होतं. नाही झाला तर कंत्राट संपताच टेबल रिकामं करायचं. आमच्या विभागप्रमुखांनी हे मला चहा पिताना सांगितलं, तेही इतक्या मायेने, की क्षणभर मला ती बढतीच वाटली.

करारासाठी पेटंट हवं होतं आणि पेटंटचा अर्ज विद्यापीठाच्या इनोव्हेशन केंद्रातूनच जायचा असे. केंद्राच्या भिंती काचेच्या होत्या. आत गुप्ततेचं काम चालायचं.

केंद्राचे प्रमुख आणि धाकट्याचे गाईड एकच होते. मुलं त्यांना नरसाळे सर म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं. कुठल्याही विषयावर बोलताना ते फळ्यावर एक मोठं नरसाळं काढत. वरून शंभर कल्पना ओतायच्या, खालून बाजारात एक उत्पादन पडतं. पहिल्या भेटीत मी विचारलं, "सर, मध्येच काही अडकलं तर?"

"त्यालाच तर व्यवस्थापन म्हणतात," ते म्हणाले आणि नरसाळ्याच्या नळीवर खडूने तीन बाण काढले.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक खराखुरा शोध सांभाळायला द्यायचा, ही सरांची पद्धत. माझा लेप धाकट्याच्या वाट्याला आला. नात्यातला शोध देऊ नये असा नियम नव्हता, कारण एका घरात एक शोध लावणारी आणि एक तो पोचवणारा निघेल असं नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं.

अभ्यासक्रमाचा पहिला धडा गुप्ततेचा होता. अर्ज दाखल होईपर्यंत शोध चारचौघांत जाता कामा नये. एकदा तो जाहीर झाला की नवा राहत नाही, आणि जे नवं नाही त्याला पेटंट नाही. धाकट्याने हा धडा असा मनावर घेतला की घरात राहणं मुश्कील झालं. चाचणीसाठी मी घरच्या फ्रीजरमध्ये एक लेप दिलेला पत्रा बसवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईसमोर कागद घेऊन उभा.

"यावर सही कर."

"कशाची?"

"फ्रीजरमध्ये जे दिसेल ते बाहेर सांगणार नाही, अशी."

"माझ्याच फ्रीजरला मीच हात लावायचा नाही?"

"हात लाव. बोलू नकोस."

"अरे, या घरात माझं बोलणं घरातले ऐकत नाहीत, ते बाहेर कुठून जाणार?" आई म्हणाली, पण सही केली. मावशी आली तेव्हा तिचीही घेतली. मावशीने फक्त बर्फ मागितला होता.

अर्जाचा मसुदा तोवर तयार होता. तो केंद्राच्या गुप्तता समितीकडे गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. मसुदा कुणाकुणाला दाखवायचा हे समितीने ठरवायचं होतं. मसुदा वाचल्याशिवाय ते ठरवता येत नव्हतं, आणि ठरल्याशिवाय मसुदा वाचायची कुणाला परवानगी नव्हती. मी आठवड्याला एक चक्कर मारायचे. काचेतून मसुदा दिसायचा. निळ्या फाइलमध्ये होता.

दरम्यान सत्र संपत आलं आणि धाकट्याला आपला रिपोर्ट द्यायचा होता. त्याने विषय निवडला, 'शोधाची गुप्तता कशी राखावी: एका लेपाचा अनुभव'. सह्यांचे नमुने, कुलपांची व्यवस्था, मावशीचा प्रसंग, सगळं त्यात आलं. पण सरांचा एक दंडक होता. आधीच्या वर्षीच्या मुलांनी रिपोर्टांत नुसती हवा भरली होती, म्हणून त्यांनी ठरवलं होतं की रिपोर्टाच्या शेवटी ज्या शोधाबद्दल लिहिलंय त्याची कृती परिशिष्ट म्हणून जोडलीच पाहिजे, आणि ती अशी, की अनोळखी माणसाने वाचून जशीच्या तशी करावी. धाकट्याचा पहिला मसुदा शेरा घेऊन परत आला. 'परिशिष्ट मोघम आहे. प्रमाणं द्या.'

प्रमाणांच्या बाबतीत त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळेत त्याचा अभ्यास मीच घ्यायचे. प्रयोगाच्या वहीत 'थोडं मीठ' असं लिहिलं की मी वही परत त्याच्या अंगावर टाकायचे. थोडं म्हणजे किती? त्याने दुसऱ्यांदा परिशिष्ट लिहिलं ते असं, की मी स्वतः लिहिलं असतं तरी त्याहून नेटकं झालं नसतं. राळ किती, तेल किती, पूड किती बारीक, थर देताना कुंचला कुठल्या दिशेने, दोन थरांच्या मध्ये किती थांबायचं. लेपावर बोट टेकवलं तर ठसा उमटावा पण बोट ओढलं जाऊ नये, तेव्हा पुढचा थर. मुखपृष्ठावर त्याने लाल अक्षरांत 'गोपनीय' छापलं.

त्या रिपोर्टाला त्या वर्षीचं पारितोषिक मिळालं.

"याला म्हणतात काम!" समारंभात सर म्हणाले. "वाचणारा उद्या उठून लेप बनवू शकेल!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पास झालेला रिपोर्ट ग्रंथालय त्याच दिवशी सगळ्या जगासाठी संकेतस्थळावर टाकतं, हे मला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. ज्ञान कोंडून ठेवू नये म्हणून तो नियम त्यांनीच आणला होता.

समितीने निळी फाइल सोडली आणि अर्ज दाखल झाला, तो त्यानंतर.

कंपनीच्या वकीलबाई करारावर बोलायला आल्या तेव्हा केंद्राने बिस्किटं मागवली होती. बाई मध्यमवयीन, शांत, पाण्याची बाटली स्वतःची घेऊन आलेल्या. त्यांनी बिस्किटांना हात लावला नाही, तेव्हाच मला जरा शंका आली.

"अर्जाच्या आधी याबद्दल कुठे काही छापून आलंय का, हे शोधायचं माझं काम," त्या म्हणाल्या. "सहसा दोन-तीन दिवस जातात. तुमच्या बाबतीत फार वेळ लागला नाही. 'गोपनीय' लिहिलेलं होतं, म्हणून आधी तेच उघडलं."

त्यांनी रिपोर्टाची छापील प्रत टेबलावर ठेवली. परिशिष्टाच्या पानाला पिवळी चिठ्ठी लावलेली होती.

धाकट्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. बीकर हातातून सुटल्यावर आणि जमिनीवर पडण्याआधी तो जसा दिसायचा, तसाच आत्ता दिसत होता.

"म्हणजे पेटंट..." मी म्हटलं.

"मिळणं कठीण. आणि पेटंट नसेल तर करार कशाचा? कृती तर सगळ्यांची झाली. आम्हीही वापरू शकतो."

सर काही वेळ नरसाळं न काढता बसले. मग खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, कायदा काय म्हणतो? नुसतं छापून येणं पुरेसं नाही. ते वाचून विषयातल्या साधारण जाणकाराला ती वस्तू करता आली पाहिजे. बरोबर? करता येत नसेल तर ते जाहीर करणं नव्हे, त्या नुसत्या गप्पा."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"मग करून बघू! परिशिष्ट वाचून कुणी लेप बनवू दे. जमला तर तुमचं खरं. फसला तर अर्ज शाबूत."

"बनवणार कोण?"

सरांनी धाकट्याकडे हात केला. "एक वर्ष रसायनशास्त्र केलंय. याहून साधारण जाणकार या इमारतीत तरी नाही."

"लिहिणाराच?" बाई हसल्या. "बाहेरचा कुणी नको का?"

"बाहेरच्याला दाखवायचं म्हणजे गुप्तता मोडते," सर अगदी गंभीरपणे म्हणाले.

बाईंनी मिनिटभर विचार केला. धाकट्याला फसण्याचं चांगलं कारण आहे, हे त्यांनाही दिसत होतंच. "चालेल," त्या म्हणाल्या. "याच्या हातूनसुद्धा जमला, तर मग वादच उरणार नाही."

अशा रीतीने ज्या केंद्राचं काम शोध यशस्वी करणं, ते केंद्र एक प्रयोग फसावा म्हणून कामाला लागलं. सरांनी धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की अपयश हा इनोव्हेशनचा आत्मा आहे, हे त्याने विसरू नये. प्रयोग फसला तर परिशिष्ट चुकीचं ठरणार होतं. म्हणजे पारितोषिक परत आणि ते सत्र पुन्हा.

घरी आईला सगळं समजावून सांगायला जेवण संपेपर्यंत वेळ लागला.

"म्हणजे याने बिघडवलं की हिची नोकरी राहते?"

"हो," मी म्हटलं.

"मग त्यात अवघड काय आहे? अरे, जन्मभर फुकट भांडी फोडलीस. आता एकदा बहिणीसाठी फोड!"

"बघू," तो ताटाकडे बघत म्हणाला.

मी त्याला बिघडव म्हटलं नाही. बिघडवू नकोस असंही म्हटलं नाही. त्याच्या ताटात भाजी वाढली आणि उठले.

प्रयोग माझ्याच टेबलावर झाला. वकीलबाई उंच स्टुलावर परिशिष्ट मांडीवर घेऊन बसल्या. सर खिडकीपाशी. मला बोलायची मनाई होती. शेवटी बर्फ घसरला की नाही एवढं पाहून निकाल द्यायचा, कारण अर्जात दावा माझाच होता.

धाकट्याने ॲप्रन चढवला. पहिली बटणं चुकली, ती काढून पुन्हा लावली. सरांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. मग त्याने राळ मोजली, तेल मोजलं. काही फुटलं नाही. मी त्याला इतकं सावकाश काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तो प्रत्येक ओळ वाचायचा, तिच्यावर बोट ठेवायचा, करायचा आणि मगच बोट पुढच्या ओळीवर न्यायचा. स्वतः लिहिलेलंच तो असं वाचत होता, जणू लिहिणाऱ्यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

पूड मोजायची वेळ आली. लेपाचा सगळा जीव या पुडीत आहे. ती जास्त झाली तर लेप खरखरीत होतो आणि बर्फ त्यात नखं रुतवून बसतो. तराजूवर आकडा बरोबर आला. चमच्यात अजून पूड होती. चमचा तसाच वर थांबला. धाकट्याने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मी तराजूच्या आकड्याकडे बघत होते, सवयीने. दोन क्षण गेले. त्याने चमचा बरणीवर नेला आणि उरलेली पूड टिचकी मारून आत पाडली.

सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

थर वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. सरांनी कागदी रुमालावर नरसाळं काढून बाईंना कसली तरी नळी समजावली. दुपारनंतर लेप दिलेला पत्रा आणि एक कोरा पत्रा, दोन्ही शीतपेटीत ठेवले आणि आत दमट हवा सोडली. काचेतून बघत आम्ही चौघं उभे होतो. दोन्ही पत्र्यांवर पांढरी लव उगवली, मग ती दाट झाली. वरून दोन्हींत काही फरक नव्हता.

"सारखेच दिसतात," सर उमेदीने म्हणाले.

मी हातमोजे घातले. कोरा पत्रा बाहेर काढून तिरका केला. बर्फ जागचा हलला नाही. उभा केला, झटकला, तरी नाही. मग धाकट्याचा पत्रा उचलला. तो अजून नीट तिरकाही झाला नव्हता, तोच वरचा थर सुटला, अखंड, पापडासारखा, आणि टेबलावर पडून त्याचे तुकडे झाले. खाली पत्रा लख्ख.

हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल. पण दर वेळी लेप माझ्या हातचा असायचा, आणि मनात कुठेतरी भीती असायची की यात आपल्या हाताचीच काही जादू नसेल ना, आपल्याच चाचणीत आपलाच लाड होत नसेल ना. आज पहिल्यांदा दुसऱ्या हाताने तो बनवला होता, नुसतं वाचून, आणि तोही या हाताने, ज्याने न फुटणारं भांडं फोडलं होतं. माझा लेप खरा होता. मला इतका आनंद झाला की पत्रा हातातून सुटता सुटता राहिला. माझी नोकरी गेली हे लक्षात यायला त्यानंतर थोडा वेळ लागला.

"कडेला जरा राहिलाय, बघा," सर पुढे येऊन म्हणाले. "त्या कोपऱ्यात. म्हणजे पूर्णपणे काही..."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. अर्जात जे म्हटलंय ते हेच?"

सरांच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. त्या कोपऱ्यात खरंच नखाएवढा बर्फ राहिला होता. त्याला धरून मला बरंच काही बोलता आलं असतं.

"कडेला माझ्याकडेही राहतो," मी म्हटलं. "हेच. लेप काम करतो."

बाईंनी मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं. जाताना त्यांनी विचारलं, "हा पत्रा मी नेऊ का? कारखान्यात दाखवायला बरा."

"न्या," मी म्हटलं. विचारायचं काही कारणच नव्हतं, तरी त्यांनी विचारलं.

त्या गेल्यावर सर थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग थांबले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "एका परीने बघितलं तर," ते म्हणाले, "या केंद्रातून कारखान्यापर्यंत प्रत्यक्ष पोचलेलं हे पहिलंच तंत्रज्ञान आहे. विनाअडथळा! पुढच्या वर्षी यावर एक व्याख्यान ठेवू. तुम्ही दोघं बोला."

"पुढच्या वर्षी मी इथे नसेन, सर."

"हो, ते आहेच," ते हळहळून म्हणाले. "पण पाहुण्या व्याख्यात्या म्हणून बोलावता येईल."

आम्ही जिन्याने उतरलो. लिफ्ट चालू होती, पण दोघांपैकी कुणी बटण दाबलं नाही. पहिल्या वळणावर धाकटा थांबला.

"ताई, मी बिघडवणार होतो."

"कळलं मला."

"चमचा हातात होता. एवढीशीच पूड. कुणाला कळलंसुद्धा नसतं."

"मग?"

"तू तिथे उभी होतीस." तो कठड्यावर नख घासत राहिला. "तू समोर असताना मला चुकीचं मोजताच येत नाही. बघितलं करून. हातच वळेना."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, बहुधा. शाळेत इतका मार देऊन जे शिकवलं ते नेमकं आजच का आठवावं, असंही विचारायचं होतं.

"आईला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"सांग, आज काही फुटलं नाही."

"मारेल ती मला."

"मारू दे." मी दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "तिसरा थर जरा घाईत दिलास."

"तरी जमला ना?"

"जमला," मी म्हटलं. "चल, बस चुकेल."